आपल्या ओट्याच्या जागी नळ

आई, कोपऱ्यावरचा नळ आता आपल्या दारात आला आहे. त्यासाठी तुझा ओटा तोडावा लागला. तू गेलीस तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे माझं काम काय असतं हे तुला माहीत नाही. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. वस्त्यांमधले रस्ते, गटारं आणि पाण्याच्या लाइनी यांचे आराखडे करते. दौंडमधल्या आपल्याच गल्लीची सुधारणा माझ्याकडे आली, तेव्हा गल्ली ओळखीची आहे म्हणून काम सोपं जाईल असं मला वाटलं. पहिल्या आराखड्यात मी प्रत्येक मिळकतीला, काही मालकांकडे आधीच होती तशी, घरात एक जोडणी दाखवली आणि सार्वजनिक नळ बंद केला. कागदावर ते स्वच्छ दिसत होतं.

तुझं माहेर भीमेच्या काठावरचं, वडगाव रासाईचं. पाण्यासाठी रांग लावायची याचाच तुला आधी राग होता. मग त्या रांगेचा कारभार तूच हातात घेतलास. सकाळी तू ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आहेस, नजर कोपऱ्यावर. बायका रांगेत हंडे ठेवून घरी जातात आणि पाणी आलं की परत येतात. एका चुलीचा एकच हंडा, घर कितीही मोठं असो, हा तुझा नियम. आधी घरमालक आणि मग भाडेकरू, हाही तुझाच. एकदा आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बाळंतिणीचा नंबर येईपर्यंत पाणी गेलं. तू तिला स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं आत घेतलंस, आपल्या पिंपातून तिचा हंडा भरलास आणि मला म्हणालीस, "बाहेर बोलू नको." मी विचारलं, मग तिला रांगेतच पुढे का घेत नाहीस. "एकीला घेतलं की समद्या येत्यात. तुला कळत न्हाई त्यात तोंड घालू नको." ती बाई नंतर कितीतरी महिने आपली भांडी घासायला येत होती. तू तिला बोलावलं नव्हतंस. पण परतही पाठवलं नाहीस.

आराखड्यावर लोकांचं म्हणणं घ्यायचं म्हणून मी मारुतीच्या मंडपात बैठक ठेवली. निरोपाचे कागद घरपट्टीच्या यादीवरून वाटले होते, त्यामुळे आले ते सगळे मालक. समोरचे आप्पा पहिल्या खुर्चीवर. "तू आमचीच हायेस म्हणून सांगतो," ते म्हणाले, "त्यो नळ आदी काढ. निस्ता चिखूल आन् भांडणं." मी विचारलं, भाडेकरूंनी पाणी कुठून घ्यायचं. "त्यांचं काय, आज हायेत, उद्या न्हाईत. मालक देईल की." सगळ्यांनी माना हलवल्या आणि मी सर्वानुमते असं लिहून घेतलं. घरी आले तर आपल्या मागच्या खोलीतली बाई कपडे वाळत घालत होती. तिचा नवरा कुरकुंभला कंपनीत आहे, दोघं बिहारची. बैठकीला का आली नाहीस, असं मी तिला विचारलं. "बुलाया किसने, दीदी? कागज तो मालिक लोगों को दिया." नळ बंद झाला तर पाणी कुठून घेशील, असं विचारलं तर म्हणाली, "आपसे. आप दोगी तो." यात तक्रारीचा सूर नव्हता. मी पाणी देईन हे मला माहीत होतं. आप्पा किती देतील, तेही माहीत होतं. आणि मला ती भांडी घासणारी बाळंतीण आठवली.

दुसरी बैठक मी नळावर घेतली, पाणी यायच्या वेळी. बैठक आहे म्हणून आलेली आप्पांची बायको म्हणाली, "इंजिनेर बाई, हंडा न्हाई आणला? मंग लायनीत कशापायी हुबी?" बायका हसल्या. मी म्हणाले, काकू, नळ ठेवायचा की काढायचा ते विचारायला आले. सगळ्या आपापले हंडे सरकवू लागल्या. मालकिणींसमोर कुठली भाडेकरीण हात वर करणार? मग पाणी आलं, हात कामाला लागले आणि बोलणं सुरू झालं. एक कळशी उचलता उचलता बोलली, एक पाठ फिरवून. मालक नळ चालू करतो पण मीटर बघत बसतो. भाडं थकलं की आधी पाणी तुटतं. "आन् मोटार जळली की तुमचे मालक बी हितंच येत्यात," कुणीतरी म्हणालं, तेव्हा काकूंनाही हसू आवरलं नाही. "व्हय, मागल्या उन्हाळ्यात म्या बी आल्ते की," त्या म्हणाल्या. तुझा एका चुलीला एका हंड्याचा नियम अजून चालू आहे. माझ्या यादीत मिळकती होत्या. रांगेत चुली होत्या, आणि त्या यादीच्या दुपटीहून जास्त होत्या.

मी आराखडा बदलला. लाइन मोठी घेतली, सार्वजनिक नळ ठेवला. जुना कोपरा रुंद होणाऱ्या रस्त्यात जात होता, म्हणून नवी जागा हवी होती. "ऱ्हाऊ दे नळ," आप्पा म्हणाले, "पर माझ्या दारात नको." प्रत्येक दारातून हेच उत्तर आलं. तेव्हा मी सांगितलं, सांडपाणी गटारात जायला उतार लागतो आणि तो आपल्या ओट्याच्या जागी मिळतो. घर आता माझ्या आणि दादाच्या नावावर आहे. तो फोनवर म्हणाला, "आईचा ओटा गं," आणि मग, "बघ तुला योग्य वाटतं तसं." ओट्याच्या शहाबादी फरश्या फुटल्या नाहीत. त्या नळाखाली बसवल्या.

रांगेत आता आधी येईल त्याचा हंडा पुढे. हे तुला पटलं नसतं. तू असतीस तर त्या मंडपात पहिल्या खुर्चीवर बसली असतीस, असं मला वाटतं, आणि तुझ्याशी वाद घालायला मी घाबरले असते. गल्ली म्हणते, पोरीनं मन मोठं केलं. खरं सांगायचं तर उतार आणखी दोन ठिकाणी मिळत होता. त्यातलं एक आप्पांचं दार. तिथे मला भांडावं लागलं असतं, आपल्या दारात लागणार नव्हतं. हे मी कुठल्याही बैठकीत सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे लिहिते.

परवा मागच्या खोलीतली बाई हंडा उचलताना नव्या भाडेकरणीला म्हणाली, "दीदी का पानी है, दीदी ने दिया." मी दारातच उभी होते. हे माझं नाही, सगळ्यांचं आहे, असं मी तिला सांगितलं. पण सांगायच्या आधी मी क्षणभर थांबले, आई. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं.