एकसष्ट फोटो उघडत नाहीत

घोटी
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. हर्षाली हिस वाल्मीककाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र हाताने लिहून त्याचा फोटो मोबाइलवर पाठवतोय. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि विसरतेस. कागद समोर आला की तुला नाशिकच्या ऑफिसात बसूनसुद्धा उत्तर द्यावं लागेल.

तक्रार अशी. दिवाळीत तू आपल्या पुंजाआजोबांच्या स्टुडिओतल्या अकराशे निगेटिव्ह कॉम्प्युटरवर चढवून गेलीस आणि यादी करून दिलीस. यादीतलं नाव दाबलं की फोटो उघडतो, हे मी बहात्तराव्या वर्षी शिकलो, आणि तुझ्या मनीषाकाकूला रोज ऐकवतो. पण आता काही नावं दाबली की फाइल सापडत नाही असं इंग्रजीत येतं. तेवीस तारखेला शाळेच्या हॉलमध्ये संग्रह गावाला दाखवायचा. पत्रिका वाटून झाल्या. माझी फजिती झाली तर होऊ दे, पण बोर्डावर बापाचं नाव आहे गं!

सगळ्यात घोर लागलाय तो वरच्या पाड्यावरच्या लंकाबाईचा. लग्न झाल्यावर ती आणि तिचा नवरा काळू बाजारच्या दिवशी स्टुडिओत फोटो काढून गेले. भाताची लावणी आली, फोटो न्यायचा राहिला, आणि पुढच्या वर्षी काळूच गेला. त्याचा दुसरा फोटो तिच्याकडे नाही. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. नवऱ्याचा चेहरा दाखवतो म्हणून मी तिला शब्द दिलाय, आणि नेमका काळू उघडत नाही.

लोभ आहेच, उत्तरही असू दे.
तुझा काका, वाल्मीक

नाशिक
दि. ११ नोव्हेंबर

ती. स्व. काकांस हर्षालीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं, अक्षराचं कौतुक झालं. आजोबांचे फोटोही दाखवले. डोक्यावर इरलं घेतलेल्या बायकांचा तो फोटो बघून आमच्या साहेबांनी विचारलं की फोटोग्राफर मुंबईचा का. मी ताठ मानेने सांगितलं, घोटीचा, आणि माझा आजा.

माझ्याकडच्या प्रतीत सगळे अकराशे फोटो उघडतात, काळूसुद्धा. म्हणजे जे काही झालंय ते तुमच्या कॉम्प्युटरवर. कृपा करून वायरी उपटू नका, मागच्या वेळी प्रिंटर मुका झाला होता. एकच करा. यादीतलं एकेक नाव दाबा आणि उघडत नाहीत तेवढी लिहून पाठवा.

काकूंना नमस्कार. रागावू नका, माया असू द्या.
तुमची हर्षाली

घोटी
दि. १३ नोव्हेंबर

चि. हर्षालीस आशीर्वाद.

दोन दिवस दाबून दाबून बोट दुखलं. एकसष्ट उघडत नाहीत. वहीची पानं सोबत जोडली आहेत.

पण एक ऐक. तुझ्या काकूने ती नावं वाचली आणि तिनेच ओळखलं. सगळी गेलेली माणसं! हयात आहेत ते पटापट उघडतात, गेलेले एकही नाही. तिने लगेच कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं. मी तिला हसलो खरा, पण आतून जरा चरकलो. चाळीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस मी, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरी लवकर कळव.

वाल्मीककाका

नाशिक
दि. १४ नोव्हेंबर

ती. स्व. काकांस सा. न. वि. वि.

मीसुद्धा आधी हसले, मग विचारात पडले. काका, खरं सांगा. या एकसष्ट फाइलींच्या नावांना तुम्ही हात लावलात का? तुम्ही पोस्टातले, तुम्हाला लगेच कळेल. यादीत मी जो पत्ता लिहिलाय तो फाइलीच्या नावासकट आहे. नावात एक टिंब जरी वाढलं तरी यादी जुन्याच दारावर जाते आणि तिथे कोणी नसतं. फोटो मात्र सुखरूप आहेत. यादी सोडा, फोटोंच्या फोल्डरमध्ये शिरून शोधा, काळू सापडेल.

नावापुढे जोडलेलं काढून टाकलंत की सगळं पूर्ववत. नाहीतर मी तेवीसच्या आत यादी बदलून देते.

काकूंना सांगा, भूत नाही, काका आहेत.
तुमचीच हर्षाली

घोटी
दि. १६ नोव्हेंबर

चि. हर्षालीस अनेक आशीर्वाद.

हो, मीच केलं, पण त्यामुळे फोटो उघडत नसतील हे डोक्यातच आलं नाही. तू सरळ नुसतं काळू, नुसतं यादव असं लिहून मोकळी झालीस. गेलेल्या माणसाचं नाव असं उघडं लिहितात का? आपल्याकडे पत्रिकेतसुद्धा कै. लावल्याशिवाय छापत नाहीत. म्हणून मी एकसष्ट जणांना कै. लावला, चांगले तीन दिवस बसून. तुझं पत्र वाचून मला राग आला. ठरवलं की काढणार नाही, हर्षालीने आपली यादी बदलावी.

पण काल बाजाराला लंकाबाई आली ती थेट घरी. तेवीसपर्यंत दम निघत नाही म्हणाली. तू सांगितलंस तसा फोल्डरमध्ये शिरलो आणि काळू सापडला. कोरा पटका, शेजारी काठाच्या लुगड्यात ही. हर्षाली, ती पडद्याला नाक लावून किती वेळ बघत राहिली! मग काकूला म्हणाली की पोराचे कान कुणावर गेले ते आज समजलं. मला तर अभिमानच वाटला. माझ्या बापाने हा माणूस पन्नास वर्षं सांभाळून ठेवला होता.

मग तिने खाली काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं, कै. म्हणजे गेलेला हेही सांगितलं. तिला ते पटलं नाही. म्हणाली की त्या दिवशी जिलेबी खाऊन हा इथे उभा राहिला, पुंजाबाबांनी हलू नको म्हटलं म्हणून हसू दाबून धरलंय, आणि हा मेलेला कसा? फोटोत तर चांगला जिता हाय.

आज सकाळपासून बसून एकेकाच्या नावापुढचा कै. काढला. साठ झाले, साठही यादीतून उघडले. एक राहिला. सोमनाथ. माझा धाकटा भाऊ, तुझा बाप. त्याच्या नावापुढे ते मीच लिहिलं होतं, आणि लिहिताना रडलोही होतो. म्हणून तो शेवटी ठेवला होता. मग काढलं, आणि यादीत त्याचं नाव दाबलं.

लगेच उघडला गं. शाळेच्या गणवेशात, आजोबांचा कॅमेरा गळ्यात, छाती काढून उभा. मी काकूला मोठ्याने हाक मारली की अगं, लवकर ये, सोमा आलाय.

तेवीसला सकाळच्या गाडीने ये.
तुझा वाल्मीककाका