चमच्यावरची शीग

आई, तुझा एक शब्द चार दिवसांपासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. शीग. माप काठोकाठ भरल्यावर त्याच्या वर जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. तू जाऊन बावीस वर्षं झाली. आमच्या प्रयोगशाळेत हा शब्द कोणी उच्चारतही नाही, पण सोमवारी एका अहवालावर सही करताना तो असा आडवा आला की माझं पेन तिथेच थांबलं.

तुझी सक्करदऱ्याची अंगणवाडी आठवते मला. भाड्याची खोली, भिंतीवर पोरांच्या वजनाचे तक्ते, कोपऱ्यात पूरक आहाराच्या पिठाचं पोतं. मी सातवीत असेन. उन्हाळ्याची सुट्टी होती, आणि तू मला पीठ वाटायला बसवलं आहेस. डालड्याचा डबा कापून केलेलं माप माझ्या हातात आहे. मी कंपासपेटीतली पट्टी काढते आणि प्रत्येक माप भरलं की वरून फिरवून अगदी सपाट करते. वाटतं, तू शाबासकी देशील. तू पट्टी हिसकावून घेतलीस. "सपाट काहून करून राहिली वं? दुकान हाय का हे? लेकराच्या मापाले शीग पायजे!" रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर तो राग पुरता कधी गेलाच नाही. नोकरीसुद्धा सपाट मापाचीच धरली मी, बघ.

मिहानकडच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी बाळांच्या दुधाच्या पावडरी तपासते. काही पावडरींत कॅडमियम नावाचा धातू सापडतो, अगदी कणभर. तो जमिनीतून पिकात येतो, सोयाबीनमध्ये जरा जास्तच. मूत्रपिंडात जाऊन बसला की वर्षानुवर्षं निघत नाही. पण नुसता सापडला म्हणून बोंब मारायची नसते. बाळ दिवसाला किती पावडर पितं ते धरायचं, त्यात धातू किती ते काढायचं, बाळाच्या वजनाने भागायचं आणि आकडा सुरक्षित मर्यादेच्या आत आहे का ते पाहायचं. तू आणि मी दिवसभरात दहा पदार्थ खातो. बाळ तेवढं एकच पितं, आणि वजन असतं मूठभर. म्हणून तो भागाकार इतक्या वर्षांनीही मी दोन-तीनदा करून बघते. शनिवारी सोयाच्या पावडरीचा एक नमुना होता. आकडा मर्यादेच्या आत आला, पण अगदी काठावर. पावडर किती, हे आम्ही डब्यावरच्या सूचनेवरून धरतो. इतके चमचे, सपाट.

माझी लेक बाळंतपणाला आली ती अजून माझ्याकडेच आहे. तिला दूध कमी आलं, नातीला वरचं दूध पचेना, म्हणून डॉक्टरांनी सोयाचीच पावडर लिहून दिली. रविवारी सकाळी ती ओट्याशी बाटली करत होती. चमचा डब्यात घालते, वर काढते, आणि चमच्यावर ही शीग! तशीच बाटलीत. मी ओरडलेच, "अगं, सपाट कर!" ती दचकली. "किती जोरात बोलून राहिली आई! सपाटानं पोट नाही भरत तिचं." मी म्हटलं, "कोणी शिकवलं तुला हे?" तिने माझ्याकडे पाहिलं, बाटली हलवली आणि आत निघून गेली. मग मी स्वयंपाकघरातला छोटा काटा काढून दहा चमचे सपाट तोलले, दहा शिगेचे तोलले. शिगेचे सव्वापटीहून जड भरले. उभ्या उभ्या बोटांवर हिशेब केला. शनिवारचा आकडा काठाच्या पलीकडे गेला.

आमच्याकडे नमुन्यावर कंपनीचं नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तो नमुना माझ्या ओट्यावरच्या डब्याचा होता की नव्हता, हे मला कळायचं नाही. दुकानात गेले तर प्रत्येक डबा तोच वाटतो. सोमवारी साहेबांना सांगितलं की शिगेच्या चमच्याचाही हिशेब जोडल्याशिवाय मी सही करणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, डब्यावर सपाट लिहून आहे ना? मग लोकं काय करून राहिले ते आपण काहून पाहायचं?" सहीसाठी मला उद्यापर्यंत मुदत दिली आहे. मी अहवालात एक ओळ घातली, की काही घरांत चमचा सपाट न करता भरला जातो असे आढळले आहे. त्यांनी विचारलं, कुठे आढळलं? मी म्हटलं, एका घरी. उद्या ही ओळ ते ठेवतील की खोडतील, माहीत नाही. खोडली तर मी सही करणार नाही, एवढं मात्र ठरलं आहे.

नात हसते, बाळसं धरते आहे, डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. पण हा धातू चेहऱ्यावर दिसत नाही, आई. मी तिची झोप बघत बसते, तिच्या लंगोटांकडेसुद्धा संशयाने बघते. आणि मग तुझी अंगणवाडीतली लेकरं आठवतात. ते पीठ कोणी कधी तपासलं होतं का? तू प्रेमाने शीग लावलीस. त्यांच्या पोटात आणखी काय गेलं, हे तुलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. तुझ्यावर रागावून बघितलं, पण ते जमलं नाही.

लेकीची माफी मागायची आहे. सकाळपासून दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आले, आणि ज्याला पत्ताच नाही असं हे पत्र लिहीत बसले. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा तिला फार अशक्तपणा होता, म्हणून नातीची पहिली बाटली मी केली. लेक शेजारी उभी राहून बघत होती. इतकी वर्षं अहवालात सपाट लिहिणारा माझा हात डब्यातून शीग घेऊन वर आला, आई, आणि मला फार बरं वाटलं.