खपली पडेपर्यंत

आई, तू गेलीस त्याला कितीतरी वर्षं झाली. तू गेलीस त्या वयाच्याही पुढे मी आले, तरी हे लिहिताना तू रागावशील याची धास्ती वाटतेच. मुलुंडच्या आपल्या दोन खोल्या, मी सहा वर्षांची, कोपरात आणि गुडघ्यामागे इसब फुललेलं. मी खाजवू नये म्हणून तू माझ्या हातांना फडक्याच्या पिशव्या बांधायचीस. त्याच सुमारास मागच्या चाळीतल्या एका बाईला देवी आल्या आणि पंधरवड्यात ती गेली. लस टोचणारा दारोदार फिरू लागला. तू त्याला दारातच थांबवलंस आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेलीस.

"हिला टोचायचं नाही," माझे कोपर पाहून ते म्हणाले. "लस इसबावर पसरली तर अंगभर फोड उठतील."

"आणि देवी आल्या तर?"

"म्हणून तर तुम्ही टोचून घ्या, म्हणजे तुमच्याकडून हिला यायच्या नाहीत. पण दंडावरची खपली पडेपर्यंत हिला शिवू नका."

"म्हणजे दोन्हीकडून मरणच की हो," तू म्हणालीस. दुसऱ्याच दिवशी तू टोचून घेतलंस.

बाबांना ऑफिसात आधीच टोचलेलं, त्यांची खपली पडूनही गेली होती. त्यामुळे माझी आंघोळ, वेणी त्यांच्याकडे आली. वेणी कसली, गाठच मारायचे. तू स्वयंपाकघरात, मी बाहेरच्या खोलीत. तू ताट जमिनीवरून माझ्याकडे सरकवतेस आणि चटकन हात मागे घेतेस. एकदा मी उंबरठा ओलांडला तर तू उलथनं उगारलंस. "मागे हो. शिवलीस तर बघ." मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. तू माझ्याइतकीच घाबरली होतीस हे कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली.

तुझी खपली पडली, मी धडधाकट राहिले. पुढे जन्मभर तू हळदीकुंकवात, माझ्या सासरीसुद्धा सांगायचीस, "तीन आठवडे पोरीला शिवले नाही, म्हणून हाती लागली." मी मान डोलवायचे. माझ्या नातीला इसब झालं तेव्हा मी तिच्या डॉक्टरांना देवीच्या लशीबद्दल सहज विचारलं. त्या लशीने इसबाची मुलं दगावायची, ते म्हणाले. मी तिथेच बाकावर बसले.

कारण आई, तुला टोचल्यावर आठवडाभराने तू तापाने फणफणली होतीस. दंड सुजलेला. बाबा ऑफिसात. भरदुपारी तू स्वयंपाकघरात कण्हत पडलेली, आणि मला ते ऐकवेना. मी आत आले, तुझ्या दंडाला गाल लावून आडवी झाले. दंडावर बांधलेलं फडकं ओलं होतं. नंतर कितीतरी दिवस मी घासलेल्या पातेल्यांत गाल बघत होते, फोड उठला का म्हणून. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून उरलेलंही लिहिते. झोपेतच तू मला ओढून पोटाशी घट्ट धरलंस. तुला जाग यायच्या आत मी माझ्या चटईवर परत गेले होते.