आतली कडी

जळोची, बारामती
१७ नोव्हेंबर २०२५

ती. अक्काबाईस,
धाकट्या बुद्धघोषचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू हळदीच्या डब्याशेजारी ठेवून देतेस, म्हणून आपलं पत्र. इकडं सगळं ठीक. अंजलीची परीक्षा संपली, तुझी भाची आता दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसते.

बातमी अशी की आमच्या नाट्यमंडळानं आबांचं ते राजाचं जुनं नाटक पुन्हा काढलंय आणि राजा मी आहे. हसू नकोस. सत्तावन्न वर्षांचा, पोट सुटलेला राजा! राजकन्या अंजली. प्रयोग चौदा डिसेंबरला. गोष्ट तुला पाठच आहे. ज्योतिषी सांगतो, वर्ष सरायच्या आत मरशील. राजा भिऊन स्वतःला कोंडून घेतो, आतून कडी लावतो. तिथंच आजारी पडतो. मुलगी औषधाची वाटी घेऊन दार वाजवत राहते, तो काही कडी काढत नाही, आणि आतच जातो. तालमीत पोरांचा रोज वाद: त्याला नशिबानं मारलं की स्वभावानं? कॉलेजात ग्रंथपाल आहे म्हणून मलाच विचारतात. मी म्हणतो, प्रयोगाला या, कळेल.

मुकुट आबांचाच, पत्र्याचा. अजून कपाळाला रुततो. मंडळाचा नियमही जुनाच: एकदा मुकुट चढला की प्रयोग होईपर्यंत राजानं दुखण्याचं नाव काढायचं नाही.

प्रजेनं राजावर माया ठेवावी.
तुझा,
बुद्धघोष

मु. कळंब, ता. इंदापूर
२१ नोव्हेंबर

चि. बुद्धघोष यास,
अक्काचा जयभीम आन् लई लई आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आन् चुलीवरचं तसंच टाकून लिवायला बसले. अरं, दुसरं नाटक मिळालं न्हाय व्हय तुमाला? आबा त्यो मुकुट घालून उभा ऱ्हायला आन् प्रयोगानंतर अकराव्या दिवशी गेला. बाप गेला तवा तू धा वर्षांचा व्हतास, तुला काय आठवतंय! मला सगळं आठवतंय. मग आठ वर्षांमागं इंदापूरच्या कापडवाल्या बादशाहभाईंनी राजा केला. प्रयोगाला आठवडा उलटला न्हाय तवर त्येंची मयत. दोन राजे झाले, दोन्ही गेले. हितं बायका म्हणत्यात, ती भूमिका माणूस खाती.

आपल्या घरात शापबिप कुणी मानत न्हाय, मला ठावं हाय. पण भ्या वाटतंय त्येला मी काय करू? आईमागं तुला कडंवर वाढवलाय. राजा दुसऱ्या कुणाला तरी दे. तू आपला पडदा वढ.

बहिणीचा एवढा एक शब्द ठेव.
तुझी,
अक्का

जळोची
२५ नोव्हेंबर

ती. अक्कास,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून अंजली आणि मी पोट धरून हसलो. ज्या घरानं छप्पन्न साली भीतीचे सगळे देव उतरवून ठेवले, त्या घरातली थोरली लेक पत्र्याच्या मुकुटाला भिते! आबा असते तर तुला उठाबशा काढायला लावल्या असत्या.

बाकी मी बरा आहे. तालमीनंतर दम लागतो, पण वय झालंच की आता. पित्तानं मात्र पिच्छा पुरवलाय. जिना चढलो की छातीत जळजळतं, डावा हात भरून येतो. त्या हातात राजदंड असतो ना, शिसवी आहे, चांगलाच जड. ओवा चावला की जरा बरं वाटतं. हे अंजलीला कळवू नकोस, उगाच तालमीत रडत बसेल.

राग गिळून माया तेवढी ठेव.
तुझा,
बुद्धघोष

कळंब
३ डिसेंबर

बुद्धघोष,
जयभीम. खुशाली लिवायला जीव थाऱ्यावर न्हाय.

काल यस्टीनं इंदापूरला गेले, बादशाहभाईंच्या घरवालीकडं, परवीनकडं. कानाला तोंड लावून तिनं समदं सांगितलं. महिनाभर त्ये डावा हात चोळत व्हते. ओवा चावत व्हते. ती डॉक्टरकडं चला म्हणायची, त्ये म्हणायचे, मुकुट चढलाय, प्रयोग हू दे. बाई माझ्यापुढं ढसाढसा रडली.

आन् मला आबा दिसला रं. तालमीवरनं आला की चुलीपाशी बसायचा आन् माझ्याकडं मूठभर ओवा मागायचा. मी द्यायची. म्या स्वतःच्या हातानं द्यायची. एकोणीस वर्षांची घोडी, एका शब्दानं इचारलं न्हाय, आबा तुमाला काय व्हतंय. आता तुझ्या पत्रात ओवा वाचला तवापास्नं अन्न गोड लागंना.

कसला शाप न् कसलं काय! माणूस खातो त्यो तुमचा नियम. तुमच्या पोरांना सांग, त्या राजाला कुणी कोंडलं नव्हतं, कडी आतनं व्हती. मला आता मुकुटाचं भ्या न्हाय. तुझं भ्या वाटतंय. आबासारखाच हायेस तू, हसतोस आन् गप बसतोस.

सुयश मका घेऊन मार्केट यार्डात येतोय. टपालाचा दम न्हाय मला, चिठ्ठी त्येच्याच हाती धाडतीय. लेकाला काय सांगितलं न्हाय, तुझी शान ठेवलीय. वाचून व्हताच त्येच्या गाडीत बस आन् दवाखाना गाठ. पाया पडते तुझ्या, थोरली असून पडते.

अक्का

बारामती, दवाखान्यातून
९ डिसेंबर

ती. अक्कास,
बुद्धघोषचा जयभीम.

तुझ्याशी खोटं बोलवत नाही. सुयशला मी चहा पाजला, शेतीपाण्याचं विचारलं आणि परत लावून दिला. तुझी चिठ्ठी खिशात घालून तालमीला गेलो. पोरांचा हिरमोड नको, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण भीती, अक्का. डॉक्टर काय सांगेल याची. ज्योतिषाला हसणारा माणूस मी.

रविवारी दुपारी शेवटचा अंक चालला होता. मी आत, अंजली दाराबाहेर. ती दार वाजवत होती आणि माझा हात मानेपर्यंत भरून आला. घाम फुटला. पुढं मरायचा प्रवेश होता, तो चांगला वठला असता. पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तेवढ्यात खिशातली चिठ्ठी हाताला लागली.

मी कडी काढली. नाटकात तसं नाही. अंजली वाटी धरून समोर उभी, तिला पुढं वाक्यच नव्हतं. मी मुकुट तिच्या हातात दिला आणि सांगितलं की महिना झाला, छातीत दुखतंय. आधी तिला वाटलं, मी मनाची वाक्यं जोडतोय. मग तिनं माझं तोंड बघितलं आणि वाटी टाकून दिली.

तीन शिरा तुंबल्यात म्हणे. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, चौदा तारीख तुम्ही बघितली नसती. प्रयोग रद्द झालाय. पोरं बाहेर बाकड्यावर बसून आहेत, आज कुणी वाद घालत नाही.

अक्का, मला फार भीती वाटते. सुयशला सगळं सांगितलंय, हे पत्र घेऊन तोच येतोय. त्याच्याच गाडीत बसून ये. येताना मशीन कानात घाल, मला तुझ्याशी बोलायचंय.

तुझा,
बुद्धघोष