तणाचं पीक

मिशिगन, सप्टेंबर १९४४

प्रिय एल्विन,

यंदा तुझ्या खालच्या शेतात मी घेवडा पेरला नाही. दुधाळ तण माजू दिलं. तुझ्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "सूनबाई, हे तण उपटता उपटता माझी कंबर मोडली, आणि तू त्याचं पीक घेतेस? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस!"

मी म्हटलं, "बाबा, सरकारला बोंडं हवीत. आतल्या कापसाची जॅकेटं करतात. समुद्रात पडलेली पोरं त्यावर तरंगतात."

"आपला तर बुडाला. आता कुणाला तरंगवायला निघालीस?"

ईस्टरला तुझ्या जहाजावरचा रॉस येऊन गेला, तेव्हा बाबा गोठ्यात होते. जॅकेटं कमी पडली आणि तू तुझं त्याच्या अंगात घातलंस, हे त्याने फक्त मला सांगितलं. बाबांनी त्याला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. मलाही त्याला हाकलून द्यावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? जेवू घालून पाठवला.

आता कुंपणाच्या तारेवर कांद्याच्या जाळीदार पिशव्यांत भरलेली बोंडं वाळताहेत. काल एक पिशवी फाटली आणि अंगणभर कापसाच्या म्हाताऱ्या उडाल्या. बाबा तणाला शिव्या देत त्यांच्यामागे धावले आणि एकेक पकडून टोपीत भरू लागले. मी नवी पिशवी पुढे धरली.

लढाई लांबली, तर पुढच्या वर्षी वरचं शेतही असंच ठेवणार. एक जॅकेट तू दिलंस. बाकीची मी देते.

तुझीच,
लिओना