शंभर वर्षांचा पूर

तीर्थरूप अण्णांस रत्नागिरीहून सुकुमारचा जय जिनेंद्र.

मी बरा आहे, फक्त डोळे थकतात. दिवसभर समुद्राच्या लाटांच्या उंचीचे आकडे तपासतो. हे गणित माझं मी शिकलो, त्यामुळं कुणाची चूक खपवून घेत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत?

नव्या घराच्या जोत्याबद्दल तुम्ही लिहिलंत, "शंभर वर्षांचा पूर एकोणीस साली येऊन गेला, आता कशाला उंची?" आवं अण्णा, लाट असो की पूर, शंभर वर्षांचा म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. येऊन गेला म्हणून कृष्णा सुट्टी घेत नाही. एकवीसला पाणी दारात आलंच की!

जोतं एकोणीसच्या पुराच्या खुणेच्या दोन फूट वर घ्या. पायऱ्या वाढतील, आई कुरकुरेल. कुरकुरू दे. घरात पाणी शिरलं तर तिला उचलायला मी तिथं नसेन.

तुमचा
सुकुमार