ब्रिट्टाला शोभेल असं कॅलिबर

७ सप्टेंबर, शनिवार
ब्रिट्टा शिकारीची परीक्षा पास! वय वर्षं बारा. यंदा एल्कचा सीझन उघडला की बापलेक डोंगरात. तिच्यासाठी रायफल निवडायचं काम अर्थातच माझं. लोर्ना म्हणाली, "वर्लिन, आईला एकदा विचार ना." बायकोच्या या सूचनेकडे दुर्लक्ष केलं. सासूबाई दरवर्षी एक एल्क मारून फ्रीजर भरतात, मान्य. पण त्यात अभ्यास नाही. नुसती सवय.
माझ्याही नावावर एक एल्क आहे. तो पिकअपसमोर आला होता, पण एल्क तो एल्क.

८ सप्टेंबर, रविवार
सकाळपासून इंटरनेटवर अभ्यास. निर्णय पक्का: थ्री हंड्रेड मॅग्नम. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याला चिमटा काढून भागत नाही. मी विमा विकतो. आयुष्यभर लोकांना एकच सांगत आलो, कव्हर जास्तीचं घ्या. कॅलिबरचंही, म्हणजे गोळीच्या मापाचंही, तेच.
जेवायला सासूबाई होत्या. निर्णय जाहीर केला. म्हणाल्या, "जावईबापू, पोरगी केवढी, बंदूक केवढी! तिला सेव्हन-झीरो-एट द्या. धक्का कमी बसतो, आणि दोनशे यार्डांच्या आत एल्क आडवा होतो."
मी म्हटलं, ते कॅलिबर लहान मुलांचं.
"मग ही कोण आहे?" म्हणाल्या.
मी बटाटे मागून घेतले. विषय संपला.

१४ सप्टेंबर, शनिवार
मॅग्नम आणली. काय दणकट चीज आहे! लगेच ब्रिट्टाला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर. पहिल्या गोळीनंतर तिने खांदा चोळला. दुसरीनंतरही. तिसरीला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. सांगितलं, सवय होईल.
संध्याकाळी लोर्नाला तिच्या खांद्यावरचा जांभळा डाग दिसला. मी म्हटलं, शिकाऱ्याचा पहिला दागिना. लोर्ना म्हणाली, "इतका छान आहे तर तू पण एक घाल."

१५ सप्टेंबर, रविवार
एकटा रेंजवर. बायकोचं म्हणणं खोटं पाडायला. बंदूक उत्तम. फक्त तिच्यावरची दुर्बीण जरा पुढे बसवायला हवी होती; धक्क्याने मागे आली. भुवईला टाके.
घरी सांगितलं, कपाटाचं दार लागलं. लोर्नाने जखम जवळून पाहिली. मग म्हणाली, "आपल्या कपाटाचं दार गोल कधी झालं?"
या घरात सहानुभूती नावाची गोष्ट नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार
उपाय सापडला. दस्त्याला जाड रबर, खांद्याला उशी. ब्रिट्टाला हाक मारली. म्हणाली, गणितं राहिलीत. मागच्या शनिवारी भूगोल राहिला होता. पोरगी एकदम अभ्यासू झाली. हातात बंदूक आली की शिस्त येते ती अशी.
एकट्याने जाणार होतो, पण भुवई अजून ओली आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार
सासूबाई ब्रिट्टाला त्यांच्या रँचवर घेऊन गेल्या. कोंबड्यांचं खुराडं साफ करायचंय म्हणे. पोरगी खुशीत परतली. गाल लाल, तोंड एक मिनिट बंद नाही. जॅकेटला बंदुकीच्या दारूचा वास येत होता. खुराड्यात तो कसा काय? जुनं खुराडं आहे, काहीही असू शकतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार
पुन्हा खुराडं. किती कोंबड्या आहेत या बाईंकडे?
पुढच्या शनिवारी सीझन उघडतोय. ब्रिट्टाची मानसिक तयारी करून घेतली. म्हणजे मी बोललो, तिने ऐकलं. शेवटी विचारलं, काही शंका? म्हणाली, "बाबा, आजीची बंदूक नेली तर?" समजावलं की डोंगरात माणसाने स्वतःच्या बंदुकीवर विश्वास ठेवायचा असतो. मान हलवली. पटलं असावं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
सीझनचा पहिला दिवस. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
उजाडताना आम्ही कड्यावर होतो. नारिंगी जॅकेटं, बर्फात पोटावर पडलेलो. खालच्या कुरणात एल्कच्या माद्या उतरल्या. एक थांबली. अख्खी कूस आमच्याकडे. याहून सोपा नेम देवही देत नाही. मी कुजबुजलो, मार. ब्रिट्टाने सॅकवर रायफल टेकवली, दुर्बिणीतून पाहिलं. बोट चापावर. खालचा ओठ थरथरत होता. मला वाटलं, थंडीने.
मग तिने बोट काढलं, सेफ्टी लावली. "नको बाबा. आता बार उडेल या भीतीने माझा हात हलतोय. ती नुसती जखमी होऊन पळाली तर?"
मी म्हटलं, दे इकडे. नीट नेम धरला. बार काढला. एक वाळका पाइन फुटला. माद्या पलीकडच्या खिंडीतून गेल्या, परत दिसल्या नाहीत. डोळ्यात बर्फाचा कण गेला होता, नाहीतर...
ब्रिट्टा म्हणाली, "बाबा, तुम्ही डोळे मिटलेत. बार व्हायच्या आधीच."
कण बराच आधी गेला होता.
पिकअपपाशी आल्यावर तिने विचारलं, "पुढच्या वर्षी मी नाही आले तर चालेल?" मी म्हटलं, बघू. सहा वर्षांची असल्यापासून ही पोरगी माझ्या मागे लागली होती, बाबा, मला कधी नेणार, मला कधी नेणार.
हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

२७ ऑक्टोबर, रविवार
पाठ धरली आहे. घरीच.
लोर्नाने आईला सगळं सांगितलेलं दिसतंय. सासूबाईंचा फोन. "जावईबापू, शनिवारी पोरगी माझ्याबरोबर येईल. तुम्हाला यायचं तर या. बंदूक मात्र घरी ठेवून या."
परखड उत्तर देणार होतो. पण ब्रिट्टा शेजारीच उभी होती, आणि आठवड्यात... नाही, महिन्याभरात मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. सुपरवायझर म्हणून जायचं ठरवलं.

२ नोव्हेंबर, शनिवार
सासूबाई पासष्टच्या पुढच्या, पण चढावर मला तीनदा थांबून त्यांनी सोबत घेतलं. (बूट नवे आहेत.) जंगलाच्या कडेला मादी दिसली. सासूबाईंनी स्वतःची सेव्हन-झीरो-एट ब्रिट्टाकडे दिली. "घाई नाही गं राणी. नाही मारलीस तरी आपण डबा खाऊन घरी जाऊ." एवढंच. मी केलेल्या मानसिक तयारीच्या मानाने फारच त्रोटक मार्गदर्शन.
ब्रिट्टाने श्वास सोडला. एक बार. मादी जराशी धावली आणि बसल्यासारखी खाली गेली. उठली नाही.
आम्ही जवळ गेलो. ब्रिट्टाने हातमोजा काढून तिच्या मानेवर हात ठेवला आणि रडली. मग हसली, मग पुन्हा रडली. मला मिठी मारली. नाक माझ्या जॅकेटला पुसलं. मी म्हटलं, नेम बरा होता.
"सुपरवायझर," सासूबाई म्हणाल्या, "तो मागचा पाय उचला आता."
गाडीपर्यंत सगळा उतार आहे असं वाटतं. नाहीये.

३ नोव्हेंबर, रविवार
दिवसभर स्वयंपाकघरात मांस कापणं, कागदात गुंडाळणं. ब्रिट्टा प्रत्येक मामाला फोन करून तीच गोष्ट सांगत होती. "धक्का? कळलासुद्धा नाही!" प्रत्येक फोनगणिक मादी थोडी आणखी लांबून मारलेली असायची. पोरगी माझ्यावर गेली आहे.
नोंद: सेव्हन-झीरो-एट हे कॅलिबर मी स्वतःच सुचवणार होतो. सासूबाईंनी घाई केली.

९ नोव्हेंबर, शनिवार
बंदुकीच्या दुकानात गेलो. मॅग्नम बदलून घ्यायची होती. काही दोष नाही बंदुकीत, फक्त आमच्या भागातल्या हवेला जरा जास्त होते.
काउंटरवर डार्बी नावाचा पोरगा होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने आतून एक सेव्हन-झीरो-एट आणून समोर ठेवली. दस्ता लांब, मोठ्या माणसाचा. मी म्हटलं, मुलीसाठी बघतोय रे, तिला हा लांब होईल.
"तिच्यासाठी नाहीये ही," डार्बी म्हणाला. "ती मंगळवारी आजीबरोबर येऊन गेली. म्हणाली, बाबा येतील, मुलीसाठी बघतोय असं सांगतील. त्यांना ही दाखवा, आणि हसू नका."
तो हसला नाही. वळणाचा पोरगा आहे.
खांद्याला लावून बघितली. मापाची निघाली.